शेहेचाळीसला सहा कमी : सिरसाच्या गोपाल कांडांचं प्रकरण

हरियाणा विधानसभेत ९० जागा आहेत. बहुमताला ४६ लागतात. २००९ साली काँग्रेसची गाडी ४० वर अडली, २०१९ साली भाजपची गाडी नेमकी ४० वरच अडली. या दोन्ही वर्षी सिरसा मतदारसंघातून गोपाल गोयल कांडा निवडून आले. मधे २०१४ ला भाजपने ४७ जागा घेतल्या, त्या वर्षी कांडा पडले. २०२४ ला भाजप ४८ वर गेला, कांडा पुन्हा पडले.

या माणसाबद्दल छापून आलेलं बहुतेक सगळं विमान कंपनी, गोव्यातला कॅसिनो आणि तिहार यांच्याभोवती फिरतं. त्यातलं बरंचसं इथेही येणार आहे, त्याला इलाज नाही. पण इंदूरला रामबागेत आमचं रविवारचं जे छोटं अभ्यासमंडळ भरतं, तिथे हे प्रकरण घ्यायचं ठरलं ते या चार आकड्यांवरून. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्यातल्या एका काकांनी ते फळ्यावर एकाखाली एक मांडले आणि म्हणाले, "जुगाराचा धंदा गोव्यात असेल हो, पण पानं चंदीगडला वाटली जात होती." प्रश्न तिथूनच सुरू झाला. अशा माणसाला आमदार त्याचा पैसा करतो, की पैसा त्याला फक्त टेबलापाशी बसवून ठेवतो आणि त्याची किंमत दुसरंच कोणीतरी ठरवतं?

बुटांच्या दुकानापासून विमानापर्यंत

कांडा सिरसाचेच. वडील मुरलीधर जनसंघाचे, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते डबवालीतून जनसंघाच्या तिकिटावर उभे होते, असं घरचे सांगतात. मुलाने मात्र सुरुवात केली ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापासून. मग भावाबरोबर बुटांचं दुकान. पुढे गुडगावात जमिनीचे भाव चढू लागले तेव्हा प्लॉटच्या खरेदी-विक्रीत उडी. सिरसाच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला जे तीन पिढ्यांत जमलं नसतं ते या तिसऱ्या धंद्याने काही वर्षांत करून दिलं.

२००७ मध्ये एमडीएलआर एअरलाइन्स सुरू झाली. मुरली धर लेख राम या नावाची ती आद्याक्षरं. ब्रिटिश बनावटीची चार इंजिनांची छोटी विमानं, आत मांसाहार नाही. २००९ मध्ये कंपनीची उड्डाणं थांबली. विमानाचा धंदा भल्याभल्यांना बुडवून गेलाय, त्यामुळे यात नवल काही नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की विमानं जमिनीवर आली त्याच वर्षी मालक विधानसभेत पोचला.

सिरसातलं त्यांचं दुसरं नाव तारा बाबा कुटियाशी बांधलेलं आहे. भव्य देवस्थान, त्याच्या ट्रस्टचं रुग्णालय, उत्सव, भंडारे. आमच्या मंडळात यावर बराच वेळ गेला, कारण इंदूरकराला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. सर सेठ हुकुमचंदांना 'कॉटन किंग' म्हणत, गिरण्या त्यांच्या होत्याच, पण संपत्तीतला मोठा वाटा कापसाच्या आणि अफूच्या सट्ट्यातला होता. इतवारिया बाजारातलं त्यांचं काच मंदिर बघायला आज आपण पाहुण्यांना कौतुकाने नेतो. पैसा कुठल्या टेबलावरून आला हे शहर फार काळ लक्षात ठेवत नाही, तो कुठे लागला ते मात्र पिढ्यान्पिढ्या दिसत राहतं. हुकुमचंद मतं मागायला निघाले नव्हते, हा फरक मोठा आहे. कांडा निघाले.

मांडवीतली जहाजं आणि मत नसलेलं गिऱ्हाईक

कांडांना 'कॅसिनोवाले' म्हटलं जातं, पण कॅसिनो हा त्यांचा पहिला धंदा नव्हे, हे वरच्या क्रमावरून दिसलंच. तो का घेतला असावा हे कळायला गोव्याचा कायदा बघावा लागतो.

आपल्याकडे मध्य प्रदेशात जुगाराला अजून १८६७ चा कायदा लागू आहे. त्यात कॅसिनो बसत नाही. महाराष्ट्राची गंमत वेगळी. तिथे १९७६ मध्ये कॅसिनोला परवानगी देणारा कायदा संमत झाला, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्यातही मूळ कायदा १९७६ चाच, पण जुगाराला बंदी करणारा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचा खेळ आला आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यातल्या जहाजांवर पत्त्यांची आणि रुलेटची टेबलं आली. म्हणून पणजीसमोर मांडवीच्या पात्रात ती दिव्यांनी उजळलेली जहाजं उभी असतात.

हा धंदा चालतो परवान्यावर. परवान्याचं वार्षिक शुल्क कोट्यवधींचं. जहाज नदीत कुठे आणि किती दिवस उभं राहणार हे सरकार ठरवतं आणि ही मुदत वर्षानुवर्षं थोडीथोडी वाढवत नेली जाते. विरोधात असताना कॅसिनो मांडवीतून हलवू म्हणायचं आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ द्यायची, हे गोव्याने इतक्यांदा पाहिलंय की आता त्याची बातमीसुद्धा आतल्या पानावर येते. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. धंदा जिवंत राहतो तो मंत्रिमंडळाच्या मर्जीवर, म्हणून राजकारण हा त्याच्यासाठी छंद नसतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आमच्यातल्या एका सीए मुलीने काढली. २०२० पासून गोव्याने स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. खेळायचं ते बाहेरच्यांनी. म्हणजे, ती म्हणाली, "सरकारनेच ठरवून टाकलंय की हरणारा माणूस इथला मतदार नसला पाहिजे." कांडांच्या बाबतीत तर हे अंतर आणखी ताणलेलं. जहाज पणजीला, मतपेटी सिरसाला, मधे जवळजवळ दोन हजार किलोमीटर. टेबलावर पगार उडवलेल्या माणसाची बायको कांडांच्या सभेत उठून जाब विचारेल, ही शक्यताच उरत नाही. सिरसाला दिसतो तो भंडारा आणि रुग्णालय.

उलट उदाहरण म्हणून मकावचे चान मेंग काम. फुजियान प्रांतातून आलेला हा माणूस गोल्डन ड्रॅगन या हॉटेल-कॅसिनोचा मालक झाला आणि २००५ पासून मकावच्या विधानसभेत बसू लागला. २०१३ मध्ये त्याच्या यादीला २६,४२६ मतं आणि तीन जागा मिळाल्या. तिथे धंदा, मजूर, गाववाले आणि मतदार एकाच टीचभर शहरात. कॅसिनो तिथल्या राजकारणाच्या मधोमध उभा असतो. सिरसात तो नजरेआड असतो, आणि माझ्या मते नजरेआड असण्यातच त्याचा सगळा उपयोग होता.

तो नजरेत आला तो एकदाच, तेही गोव्यात. जुलै २०१७ मध्ये कांडांच्या समूहातल्या गोल्डन ग्लोब हॉटेल्स कंपनीचं 'लकी सेव्हन' नावाचं कॅसिनो-जहाज पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. भर पावसाळा, समुद्र खवळलेला, आणि फिरायला येणाऱ्या लोकांपासून हाकेच्या अंतरावर एक अख्खं बहुमजली जहाज वाळूत बसलेलं. मंडळातल्या एक मावशी त्या वेळी लेकीकडे पणजीला होत्या. त्या सांगतात, संध्याकाळी लोक छत्र्या घेऊन ते बघायला यायचे, भुट्टेवाल्याने तिथेच गाडा लावला होता, आणि जो तो दुसऱ्याला विचारायचा, "मालक कोण?" उत्तर येई, "हरियाणाचा कोणी पुढारी." जहाज कित्येक आठवडे हललं नाही. सिरसातल्या मतदाराला याचं काय पडलं होतं? दोन वर्षांनी त्याने कांडांना निवडून दिलं.

२००९ : पहिला डाव

२००९ ला ते अपक्ष उभे राहिले. सिरसा जिल्हा देवीलाल-चौटाला घराण्याचा, चौटाला गाव त्याच जिल्ह्यातलं. डेरा सच्चा सौदाचं मुख्यालयही तिथेच. शहरात काँग्रेसचे लछमनदास अरोडा पाच वेळचे आमदार. अशा ठिकाणी अपक्षाने चौटालांच्या लोकदलाच्या पदम जैन यांना सहा हजारांहून जास्त मतांनी हरवलं.

त्या निकालाची मांडणी अशी : काँग्रेस ४०, लोकदल ३१, हरियाणा जनहित काँग्रेस ६, भाजप ४, बसप १, अकाली दल १, आणि अपक्ष ७. सहा जागा कमी आणि अपक्ष सात. काँग्रेसचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुडांना दुसरीकडे बघायची गरजच नव्हती. अपक्षांनी पाठिंबा दिला आणि त्या बदल्यात जे वाटप झालं त्यात कांडा राज्यमंत्री झाले. खातं गृह. पुढच्या काही दिवसांतच जनहित काँग्रेसचे पाच आमदार काँग्रेसमध्ये आले, म्हणजे अपक्षांची निकड खरं तर तेव्हाच संपली होती. पण दिलेलं खातं कोणी परत मागत नसतं.

पहिल्या खेपेला आमदार झालेला माणूस थेट गृह खात्यात. इंदूरच्या मराठी माणसाला याची तुलना सुचते ती ताईंशी. सुमित्रा महाजन १९८४ मध्ये इंदूर महापालिकेत उपमहापौर होत्या, १९८५ ला विधानसभेला हरल्या, १९८९ ला प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवून लोकसभेत गेल्या आणि मग सलग आठ वेळा. वॉर्डातल्या नळाच्या तक्रारीपासून पायरी-पायरीने वर. कांडांनी जिना सोडून लिफ्ट घेतली आणि लिफ्टचं भाडं त्यांच्या खिशात होतं, एवढं पैशाच्या बाजूने नक्की म्हणता येतं.

२०१२

ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या विमान कंपनीत हवाई सुंदरी म्हणून काम केलेल्या एका तरुणीने दिल्लीत आत्महत्या केली. तिच्या चिठ्ठीत कांडांचं नाव होतं. मंत्रिपद गेलं, काही दिवस ते पोलिसांना सापडत नव्हते, मग त्यांनी शरणागती पत्करली. काही महिन्यांनी तिच्या आईनेही जीव दिला. मार्च २०१४ मध्ये जामीन मिळाला. खटला पुढे नऊ वर्षं चालला आणि २५ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. आरोप संशयापलीकडे सिद्ध झाले नाहीत, असा निकाल.

यावर मंडळात आवाज चढले. मी इथे एवढंच नोंदवतो, की प्रकरण अभ्यासायचं तर दोन्ही गोष्टी एकदम हातात धराव्या लागतात. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला आपण दोषी म्हणू शकत नाही, आणि त्या घरातल्या दोघी परत येत नाहीत. कायद्याचा भाग कोरडा आहे : दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर आमदारकी जाते, नुसता खटला चालू असेल तर निवडणूक लढवता येते. म्हणून २०१४ आणि २०१९, दोन्ही निवडणुका त्यांनी खटला डोक्यावर असताना लढवल्या.

पैशाचं खरं काम मला इथे दिसतं. मंत्रिपद गेलेलं, दीड वर्ष तुरुंगात काढलेलं, पक्ष पाठीशी नाही. साधा कार्यकर्ता इथे कायमचा संपला असता. कांडांनी बाहेर येऊन त्याच वर्षी हरियाणा लोकहित पार्टी काढली, निवडणूक लढवली, लोकदलाच्या मक्खनलाल सिंगलांकडून हरले, आणि पुढची पाच वर्षं कुटिया, कार्यकर्ते, पक्षाचं कार्यालय सगळं चालू ठेवलं. निवडणूक आयोगाने तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २८ लाख रुपये घातली होती. ती मोजली जाते निवडणुकीच्या त्या थोड्या दिवसांपुरती. दोन निवडणुकांमधल्या पाच वर्षांना मर्यादा नाही, हिशेब नाही, निरीक्षक नाही. हरूनही पुढच्या डावापर्यंत टिकून राहणं ही जी ताकद आहे ती याच काळात विकत घेतली जाते.

२०१९ : दिवाळीच्या आधीचे तीन दिवस

२४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल. सिरसात कांडा जिंकले ते ६०२ मतांनी. हरले गोकुळ सेतिया, त्या वेळी अपक्ष, लछमनदास अरोडांच्या मुलीचा मुलगा. ६०२ म्हणजे किती? आपल्या इंदुरात एकेका मतदान केंद्राच्या यादीत हजारभर नावं असतात. दोन वॉर्ड सोडा, एका शाळेतल्या दोन खोल्यांमध्ये हा निकाल फिरला असता.

राज्याचा निकाल : भाजप ४०, काँग्रेस ३१, जननायक जनता पार्टी १०, अपक्ष ७, लोकदल १, लोकहित पार्टी १. पुन्हा सहा कमी. त्याच रात्री कांडा सिरसाच्या भाजप खासदारांबरोबर खासगी विमानाने दिल्लीला निघाल्याची दृश्यं वाहिन्यांवर झळकली. बिनशर्त पाठिंबा जाहीर झाला, आपल्या घराण्याचं संघाशी जुनं नातं आहे हेही सांगून झालं. वडिलांची ती पहिल्या निवडणुकीतली उमेदवारी कामाला आली.

दुसऱ्या दिवशी उमा भारतींनी जाहीरपणे विरोध केला. निवडणूक जिंकल्याने माणूस आरोपांतून सुटत नाही, पक्षाने आपला नैतिक पाया विसरू नये, असा त्यांचा सूर. आमच्या माजी मुख्यमंत्री म्हणून मंडळात यावर थोडी कॉलर ताठ झाली, ते असो. संध्याकाळपर्यंत अमित शहांनी जननायक पार्टीच्या दुष्यंत चौटालांच्या दहा आमदारांबरोबर युती जाहीर केली. त्यानंतर भाजपच्या रविशंकर प्रसादांनी सांगितलं की कांडांचा पाठिंबा आम्ही घेत नाही. २७ तारखेला, ऐन दिवाळीत, शपथविधी झाला.

नैतिकतेने कांडांना अडवलं, असं मंडळातल्या दोघांचं म्हणणं. मला ते पटत नाही. दहाचा गठ्ठा हाताशी आल्यावर एकाला नको म्हणणं स्वस्त पडतं. याचा पुरावा मार्च २०२४ मध्ये मिळाला. जननायक पार्टीशी युती तुटली, मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टरांच्या जागी नायबसिंग सैनी आले, १३ मार्चला विश्वासमत होतं, आणि तेव्हा अपक्षांबरोबर कांडांच्या एका मताचाही आधार सरकारने घेतला. मधे निर्दोष मुक्तता झाली होती हे खरं आहे आणि ते त्यांच्या बाजूने धरलं पाहिजे. पण दहा आमदार निघून गेले होते, हेही तितकंच खरं.

हे सगळं हरियाणाचं म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ मध्ये आपल्याकडे २३० पैकी काँग्रेसला ११४ मिळाल्या, लागत होत्या ११६. कमलनाथांच्या मंत्रिमंडळात वारासिवनीचे अपक्ष प्रदीप जायसवाल खनिज खात्याचे मंत्री झाले. दोन कमी असताना एका अपक्षाला खनिज खातं, सहा कमी असताना एकाला गृह. मार्च २०२० मध्ये २२ आमदार एकदम गेले, त्यात आपल्या सांवेरचे तुलसी सिलावट, आणि ते सरकारच पडलं. यात जुगाराचा पैसा कुठेच नाही. किंमत ठरवणारी यंत्रणा मात्र तीच.

"मग कॅसिनोचा दोष काय?" असं काकांनी विचारलं. एकट्या कॅसिनोचा असा काही नाही. परवान्यावर जगणारा कुठलाही धंदा, मग वाळू असो, दारूचा ठेका असो की प्लॉट पाडून कॉलनी वसवणं, माणसाला याच दिशेने ढकलतो. कॅसिनोत फक्त तीन गोष्टी एकत्र येतात : पैसा रोखीने फिरतो, परवाना सरकारच्या हातात असतो, आणि हरणारा परगावचा असतो.

२०२४

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीसाठी भाजपने सिरसात रोहताश जांगडांना उमेदवारी दिली होती. ती मागे घेण्यात आली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच एवढा मोठा पक्ष कांडांच्या वाटेतून बाजूला झाला. भाऊ गोविंद कांडा २०२१ पासून भाजपमध्येच होते, ऐलनाबादची पोटनिवडणूक लढवून हरले होते. घर एका पायाने आत, एका पायाने बाहेर.

वाट मोकळी झाली आणि तिथेच घोटाळा झाला असावा असं माझं मत आहे. २००९ आणि २०१९ ला मतं चार-पाच ठिकाणी फुटली होती, आणि फुटलेल्या मतांत पैसेवाला अपक्ष किंवा घरचा पक्ष तरून जातो. २०२४ ला सिरसात लढत जवळजवळ समोरासमोर झाली. सेतिया या वेळी काँग्रेसच्या चिन्हावर होते. २०१९ ला ६०२ मतांनी हरलेला अरोडांचा नातू ७,२३४ मतांनी जिंकला.

राज्यात भाजप ४८, काँग्रेस ३७, लोकदल २, अपक्ष ३. शेहेचाळीसच्या वर दोन. निकालानंतर तिन्ही अपक्षांनी भाजपला पाठिंबा देऊन टाकला, उद्योगपती सावित्री जिंदाल यांच्यासकट. त्यांच्यावाचून सरकारचं काही अडलेलं नव्हतं.